जे टिकले त्यांच्या गोष्टी सांगते, जे मोडले त्यांचं मुलांना काय सांगू?

अबोली_नेरुळ

सगळ्यांना सलाम. इथे वाचते नेहमी, पण स्वतःहून धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

मी नेरुळला राहते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आमची मराठी मंडळी दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये भरते आणि उपासनेआधी पाऊण तास मी शब्बाथ शाळेचा वर्ग घेते. अकरा मुलं आहेत, दहा ते चौदा वर्षांची. सीवूड्स, जुईनगर, काही तर उलव्याहून येतात. गेले चार रविवार मी त्यांना पहिल्या तीन शतकांतल्या रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे ख्रिस्तावरच्या श्रद्धेपायी जीव दिलेल्यांच्या, गोष्टी सांगते आहे.

मागच्या रविवारी पॉलिकार्प घेतला. स्मुर्णा शहराचा बिशप, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर. साधारण इसवी सन १५५ च्या सुमाराची गोष्ट. शिपाई रात्री धरायला आले तेव्हा हा म्हातारा माडीवरून खाली उतरला आणि आधी त्यांच्यासाठी पानं मांडायला सांगितली. मग प्रार्थनेसाठी एक तास मागून घेतला, आणि दोन तास प्रार्थना केली. वाटेत हेरोद नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला आपल्या गाडीत घेतलं आणि समजावलं, की कैसर, म्हणजे रोमन सम्राट, प्रभू आहे एवढं म्हणायला तुझं काय जातं? ऐकेना, तेव्हा गाडीतून असं ढकलून उतरवलं की नडगी सोलवटली. तो मागे न बघता चालत राहिला. पुढे भरलेल्या रिंगणात सुभेदाराने ख्रिस्ताला शिव्या द्यायला सांगितलं, तेव्हा म्हणाला, शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काहीसुद्धा वाईट केलं नाही. माझ्या राजाची निंदा कशी करू?

हे सांगताना माझा आवाज दर वेळी भरून येतो. वर्ग एकदम शांत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, बारा वर्षांचा असेल, म्हणाला, "बाई, नुसतं तोंडाने म्हणायचं, मनात देवाला सॉरी म्हणायचं आणि घरी जायचं. असं कुणी केलंच असेल ना? त्यांचं काय झालं?"

मी म्हणाले, पुढच्या रविवारी सांगते. रात्री झोप लागली नाही. उत्तर माहीत नव्हतं हे एक. दुसरं असं, की त्याने विचारलेल्या त्या माणसांत मी स्वतः आहे.

१९९८ साली आम्ही नगरहून इकडे आलो. यजमानांना तुर्भ्याला नोकरी लागली होती. सानपाड्यात भाड्याची खोली बघायला एजंटकडे गेलो. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. एजंट म्हणाला, "आडनाव चालून जाईल. बाकीचं तुम्ही आपणहून काढू नका. आणि वहिनी, ते गळ्यातलं..." मी तिथेच, त्याच्या टेबलासमोर, साखळी काढून पर्समध्ये टाकली. क्रूस करंगळीच्या नखाएवढा, माझ्या बाप्तिस्म्याला आजीने घातलेला. घरमालकीणबाई स्वभावाने चांगल्या होत्या. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्यात हळदीकुंकू कधी करता, तर मी म्हणाले, संक्रांतीला. आमचे तेव्हाचे पाळकसाहेब घर आशीर्वादित करायला आले, तर जिन्यातच भेटलेल्या बाईंना मी सांगितलं, हे माझे मोठे दीर. पाळकसाहेबांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत. आत येऊन त्यांनी स्वतःच खिडकी लावली आणि हळू आवाजात प्रार्थना केली.

कुणी मला मारलं नाही, कोंडलं नाही. याला छळ म्हटलं तर रिंगणात उभे राहिलेल्यांचा अपमान होईल. ती खोली मिळाली नसती तर दुसरी शोधली असती, एवढंच झालं असतं. टोचतं ते म्हणूनच. पॉलिकार्पला जाळायला लाकडं रचली होती. मी इतक्या स्वस्तात नाही म्हणाले.

तर माझा प्रश्न. त्या काळातल्या मोडलेल्या माणसांची काही नोंद आहे का? मंडळीने त्यांना परत घेतलं का? मुलांना मला रंगवून सांगायचं नाही. झालं तसं सांगायचं आहे.

तलावपाळी_अंकल

जय येसू, ताई. मी ठाण्याचा, ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच जुना कॅथलिक. घरात आमची बोली चालते, तेव्हा लिहिण्यातली चूकभूल माफ करा.

पॉलिकार्पची आधीची अर्धी गोष्ट मुलांना आधी सांगा. तो शहरातच थांबणार होता, पण लोकांनी गळ घातली म्हणून शहराबाहेरच्या एका शेतघरात जाऊन राहिला. शोध लागतोय असं दिसल्यावर तिथून दुसऱ्या शेतघरात गेला. म्हणजे लपला. शेवटी एका पोरसवदा गुलामाला मारून मारून पत्ता काढला. आता लपला म्हणून त्याला भित्रा म्हणायचं का? ज्या पत्रातून ही हकिकत आपल्यापर्यंत आली, त्याच पत्रात क्विंटस नावाचा एक माणूस आहे. फ्रिगियाहून आलेला. हा स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, चार लोकांनाही बरोबर घेऊन गेला. रिंगणातली जनावरं दिसली आणि त्याचे पाय लटपटले. शपथ घेतली, धूप टाकला, सुटला. स्मुर्णाच्या लोकांनी त्याचं नाव झाकून ठेवलं नाही. तिथेच स्पष्ट लिहिलं, की आपणहून पुढे जाणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही, शुभवर्तमान असं शिकवत नाही. येसूनेच सांगितलंय ना, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळा.

माझे वडील मला लहानपणी तलावपाळीवरून चर्चला न्यायचे तेव्हा एक गोष्ट सांगायचे. ती आपल्या ठाण्याचीच आहे. पहिल्या शतकांतली नाही, खूप नंतरची, एप्रिल १३२१ ची, पण तुमच्या मुलांना जवळची वाटेल. चार परदेशी इथे मारले गेले. तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, हे फ्रान्सिस्कन संघाचे साधू. चौथा दिमित्री, तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीचा, साधा प्रापंचिक माणूस, भाषा जाणणारा म्हणून त्यांच्याबरोबर होता. ते ठाण्यातल्या एका ख्रिस्ती घरात उतरले होते. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला, बाई काझीकडे गेली, आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावं निघाली. पुढे धर्माबद्दल वाद झाला आणि प्रकरण जिवावर गेलं. पीटर त्या वेळी घरी सामानाची राखण करत होता. तिघे आधी मारले गेले, हा नंतर सापडला. त्यांचा जॉर्डन नावाचा एक सोबती दुसरीकडे गेला होता म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्याला मूठमाती दिली. नंतर ओडोरिक नावाचा प्रवासी आला, त्याने ती हाडं बरोबर घेतली आणि पार चीनपर्यंत नेली.

वडील पीटरपाशी थांबायचे. म्हणायचे, बाळा, सामान सांभाळत घरी बसलेल्यालाही देवाने हाक मारली. आणि मला, लहान पोराला, रडू यायचं ते जॉर्डनचं. सगळे सोबती गेले आणि हा उरला, पुरायला.

विचारतो_म्हणून

मी कुठल्याच धर्माचा अभ्यासक नाही, वाशीला राहतो, धागा आवडला म्हणून विचारतो. चिमूटभर धूप टाकायचा, एवढ्यासाठी जीव द्यायचा? आपण रोज किती ठिकाणी मनात नसताना हात जोडतो. आणि रोमन लोक तर सगळ्या देवांना जागा द्यायचे म्हणतात. मग यांच्याच मागे का लागले? कुणाला दुखवायचं नाही, खरंच कळत नाही.

खोपटचा_मास्तर

आधी अबोलीताईंचं, मग वाशीकरांचं. मी ख्रिस्ती नाही. बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, आणि हा विषय पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात याचं मला फार वाईट वाटत आलं आहे.

पहिली गोष्ट, तीनशे वर्षं अखंड कत्तल चालली असं नव्हतं. इसवी सन ६४ मध्ये रोम जळालं आणि नीरोने ख्रिस्ती लोकांवर खापर फोडलं, तो प्रकार भयंकर होता, पण रोम शहरापुरता. नंतर बहुतेक ठिकाणी स्थानिक उद्रेक. कुठे साथ आली, कुठे जमाव खवळला, कुठे शेजाऱ्याने वैर काढलं. इसवी सन ११२ च्या आसपास बिथिनियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा, रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो, यांचं करायचं काय? मी तीनदा विचारतो, ख्रिस्ती आहेस का? तीनदा हो म्हणाला तर शिक्षा. देवांना हात जोडले, तुमच्या पुतळ्यापुढे धूप आणि मद्य वाहिलं, ख्रिस्ताला शाप दिला, तर सोडून देतो. ट्राजनचं उत्तर: शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण समोर आणून सिद्ध झालं तर शिक्षा करा. म्हणजे वर्षानुवर्षं काहीच होणार नाही, आणि एखाद्या सकाळी कुणाच्या एका तक्रारीवर सगळं संपेल. मला वाटतं, खरी कसोटी या टांगत्या जगण्याची होती. रिंगणातला दिवस एकच असतो.

प्लिनीच्या त्याच पत्रात आणखी एक आहे. खरं काय ते काढायला त्याने दोन गुलाम बायकांचे हाल केले. मंडळीत त्यांना सेविका म्हणत, असं तो लिहितो. सुशिक्षित सुभेदार, आणि गाभ्याची माहिती काढायला त्याला सापडल्या त्या दोन गुलाम बायका. आणि माहिती काय निघाली, तर हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात, चोरी आणि व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात. बास.

आता ताईंचा मुलगा विचारतो ती माणसं. सम्राट डेसियसने इसवी सन २५० च्या सुमारास फर्मान काढलं, की साम्राज्यातल्या झाडून सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडले आहेत, चाळीसहून जास्त. एक वाचून दाखवतो, माझ्या शब्दांत: अमुक गावच्या बळी समितीला, अर्जदार औरेलियस डायोजेनिस, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आत्ताही तुमच्यासमोर फर्मानाप्रमाणे दिला, पेय वाहिलं, प्रसाद चाखला, तरी तसं प्रमाणित करावं. खाली साक्षीदार, तारीख. आमच्या सर्व्हिस बुकात ओळखीची खूण लिहायचे, हुबेहूब तसंच. हा डायोजेनिस ख्रिस्ती होता असं समजू नका, दाखला सगळ्यांनाच लागत होता. मगरदेवाच्या एका पुजारणीचासुद्धा सापडला आहे!

ख्रिस्ती लोकांनी काय केलं? काही ठाम राहिले आणि मेले. रोमचा बिशप फेबियन अगदी सुरुवातीलाच गेला. पण उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात फार मोठ्या संख्येने लोक बळी द्यायला गेले, काही तर बोलावण्याआधीच. काहींनी फक्त धूप टाकला. काहींनी अधिकाऱ्याचा हात ओला करून दाखला तेवढा विकत घेतला. बळी दिला नाही, कागद मात्र खिशात. यातल्या प्रत्येक प्रकाराला तेव्हाच्या मंडळीत वेगळं नाव होतं. ताई, यावरूनच समजा किती जण असतील ते.

वाशीकर, तुमचा प्रश्न रास्त आहे. रोमन माणसाच्या मनात धूप म्हणजे श्रद्धा नव्हतीच. देव शांत तर राज्य शांत, पाऊस वेळेवर, सीमा शाबूत. जो त्यात वाटा घेत नाही तो सगळ्यांच्या मुळावर उठलेला. ज्यू लोकांना सूट होती, कारण त्यांचा धर्म बापजाद्यांचा, जुना. हे नवे. यांना तर निरीश्वरवादी म्हणत, मंदिर नाही, मूर्ती नाही म्हणून. आणि ख्रिस्ती माणसाला तीच चिमूट जड होती, कारण "प्रभू" हा शब्द त्याने एकदाच वापरून संपवला होता. कैसरासाठी प्रार्थना करायला ते तयार होते, करतही होते. कैसराची प्रार्थना करायला तयार नव्हते.

अबोली_नेरुळ

मास्तर, "कागद तेवढा विकत घेतला" हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. बळी दिला नाही, कागद मात्र खिशात. माझी पर्स तीच.

अंकल, क्विंटसचं मला माहीत नव्हतं. ठाण्याचं तर अजिबातच नव्हतं. इतकी वर्षं तलावपाळीवरून ये-जा केली.

मास्तर, त्या लोकांचं पुढे काय झालं? दाखलेवाल्यांना परत घेतलं का?

खोपटचा_मास्तर

घेतलं. सहज नाही, भांडून घेतलं, आणि मला त्यातलं भांडणच फार मोलाचं वाटतं.

कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः डेसियसच्या वेळी लपला होता. त्यावरून त्याला बोलही लागले. लपलेल्या जागेवरून तो पत्रं लिहून मंडळी चालवत होता. परत आला तेव्हा दारात ही गर्दी: रडणारे, आम्हाला प्रभुभोजनाला, म्हणजे मंडळीच्या पवित्र भाकरी-द्राक्षरसाला, बसू द्या म्हणणारे. एका बाजूला तुरुंगातून सुटलेले धीराचे लोक सरसकट माफीच्या चिठ्ठ्या वाटत होते. दुसऱ्या बाजूला रोममध्ये नोव्हेशियन म्हणत होता, एकदा पडला त्याला मंडळीत जागा नाही. त्यावरून फूट पडली ती पुढे किती पिढ्या टिकली. इसवी सन २५१ मध्ये कार्थेजला बिशप जमले आणि मधला रस्ता काढला. दाखला विकत घेतलेल्यांची एकेकाची हकिकत ऐकायची आणि परत घ्यायचं. बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्तात राहायचं, मरणाच्या दारात असतील तेव्हा प्रभुभोजन द्यायचं. दोनेक वर्षांत नव्या छळाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त घेणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतलं. कारण असं दिलं, की पुन्हा लढाईला पाठवायचं तर उपाशी कसं पाठवायचं?

आणि तो लपणारा सिप्रियन. १४ सप्टेंबर २५८ ला, सम्राट व्हॅलेरियनच्या काळात, त्याचा शिरच्छेद झाला. या वेळी तो लपला नाही. जल्लादाला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला सांगितली.

नंतरचा एक नियम ताईंनी मुलांना जरूर सांगावा. ३१४ मध्ये अंकिरा, म्हणजे आजचं अंकारा, इथे बिशप जमले. डायोक्लिशनच्या काळातला मोठा छळ नुकताच संपला होता. त्यांनी ठरवलं, की जे पळत असताना पकडले गेले, ज्यांच्या हातात जबरदस्तीने धूप कोंबला, आणि जे तेव्हाही मी ख्रिस्ती आहे असं ओरडत होते, त्यांना बाहेर ठेवायचं नाही. कुणाच्या तरी मुठी धरून उघडल्या होत्या, बळाने बंद केल्या होत्या. ती माणसं सभेत येऊन हे सांगत असतील, आणि ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांच्या अंगावर स्वतःचे वळ असतील.

सिस्टर_ऐरोली

मी प्रसूती विभागात एकवीस वर्षं काढली. या विषयात मला एकच गोष्ट नीट माहीत आहे, ती सांगते. कार्थेजच्याच दोघी, पर्पेतुआ आणि फेलिसिती. ७ मार्च २०३.

पर्पेतुआ बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, अंगावर पिणारं बाळ. तुरुंगात काय झालं ते तिने स्वतः लिहिलं आहे. काळोख, गर्दीचा उकाडा, शिपायांची दमदाटी, आणि सगळ्यात जास्त बाळाची काळजी. मंडळीतले दोघे सेवक, तेर्तियस आणि पोंपोनियस, यांनी पहारेकऱ्यांना पैसे चारून तिला दिवसातले काही तास बऱ्या जागेत हलवून घेतलं. तिथे तिने उपाशी बाळाला पाजलं. पुढे बाळ तिच्याजवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा लिहिते, तुरुंग मला महाल झाला. आणि नंतर तिचा बाप बाळ परत देईना, तेव्हा लिहिते, की बाळाला अंगावर प्यायची इच्छा राहिली नाही आणि माझ्याही छातीला ठणका लागला नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. हे बाईच लिहू शकते. उद्या जनावरांपुढे उभं राहायचंय आणि हिच्या डोक्यात दूध आहे.

फेलिसिती गुलाम, आठव्या महिन्यात. गरोदर बाईला मारायचं नाही असा कायदा होता, म्हणून तिला भीती, की आपण मागे राहू आणि नंतर कुठल्यातरी गुन्हेगारांबरोबर एकटीला जावं लागेल. सगळ्यांनी प्रार्थना केली आणि तिला कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, तेही तुरुंगात. ती कण्हत होती तर पहारेकऱ्यांतला एक म्हणाला, आत्ताच एवढी ओरडतेस, जनावरांपुढे काय करशील? ती म्हणाली, आत्ता जे सोसते ते माझं मी सोसते. तिथे माझ्यात दुसरा कुणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मी त्याच्यासाठी सोसणार आहे.

मुलगी झाली. मंडळीतल्या एका बहिणीने ती आपली म्हणून वाढवली. रिंगणात फेलिसितीच्या अंगातून दूध गळत होतं, ते बघून बघे लोकसुद्धा शहारले, आणि दोघींना आत नेऊन कपडे घालून परत आणावं लागलं.

अबोलीताई, मला तुमच्या मुलांना विचारावंसं वाटतं, त्या मुलीला वाढवणारी बाई कोण? तिचं नाव कुठे नाही. ती रिंगणात गेली नाही. तिने दुसऱ्या दिवशी पहाटे रडणाऱ्या तान्ह्या पोरीसाठी दूध शोधलं असेल. टिकणं म्हणजे तेही नाही का?

आणि तुमच्या पाळकसाहेबांनी खिडकी लावली. ते वाक्य तुम्ही लिहिलंय, पण त्यापाशी थांबला नाहीत.

अबोली_नेरुळ

सिस्टर, तुमचं शेवटचं वाक्य घेऊनच वर्गात गेले.

काल रविवार झाला. फळ्यावर मास्तरांच्या दाखल्याचा मसुदा लिहिला. नाव, वय, ओळखीची खूण, मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे. मुलांना म्हटलं, वहीत उतरवा आणि आपापली खूण भरा. कुणी हनुवटीचे टाके लिहिले, कुणी कोपराचा तीळ. मग विचारलं, सही कराल? खूप वेळ कुणी बोललं नाही. जुईनगरची एक मुलगी म्हणाली, मला मारलं तर नाही करणार, आईला मारलं तर करीन. मी तिला चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. फ्रान्समधल्या लियों शहराची गोष्ट सांगितली, इसवी सन १७७ ची. तिथे दहाएक जण मोडले होते, आणि नाही म्हणूनही त्यांना सोडलं नव्हतं. तुरुंगात ठाम राहिलेले आणि मोडलेले एकत्रच होते. ठाम राहिलेल्यांनी त्यांना हिणवलं नाही. आईच्या मायेने त्यांच्यासाठी रडले, असं त्यांच्याच पत्रात आहे. आणि त्यांतले बरेचसे दुसऱ्या चौकशीला मी ख्रिस्ती आहे म्हणाले. ब्लांदिना नावाची गुलाम मुलगी त्यांच्यातच होती. ती अंगाने इतकी नाजूक, की तिच्या मालकिणीलाच वाटत होतं ही टिकायची नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळ्या लावून छळणारेच थकले.

मग मी माझी गोष्ट सांगितली. साखळी काढून दाखवली. एजंट, पर्स, संक्रांत, मोठे दीर, सगळं.

तोच मुलगा. "बाई, मग परत कधी घातलीत?"

"२००३ मध्ये. इथे नेरुळला स्वतःचं घर झालं तेव्हा."

त्याने बोटांवर मोजलं. "पाच वर्षं."

"हो, पाच वर्षं."

"आणि ते पाळकसाहेब? त्यांना सॉरी म्हणालात?"

नाही म्हणाले. सत्तावीस वर्षांत एकदाही तो विषय काढला नाही. नंतर कितीदा भेटले, लग्नात, मातीला, नाताळला. ते आता राहुरीला मुलाकडे असतात, ब्याऐंशी वर्षांचे आहेत, नजर गेली आहे पण आवाज ओळखतात. काल संध्याकाळी त्यांच्या सुनेशी फोनवर बोलले. शनिवारी सकाळच्या एसटीने निघते, रविवारची उपासना त्यांच्याबरोबर करून सोमवारी परत.

म्हणजे येत्या रविवारी वर्गाला मी नाही. अंकल, विचारू का? मुलांना ठाण्याची गोष्ट ऐकायची आहे. मी फक्त नावं सांगितली, बाकी तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. वर्ग साडेनऊला असतो. ठाण्याहून नेरुळला थेट गाडी आहे, पश्चिमेला उतरलात की आमचा एक मुलगा न्यायला येईल.

तलावपाळी_अंकल

येतो ताई. मिस्सा शनिवारी संध्याकाळीच करून ठेवीन. मुलांना म्हणावं एक नकाशा आणून ठेवा, ठाणे, सोपारा आणि चीन एकत्र दिसेल असा. पीटर आणि जॉर्डन दोघांचंही सांगीन. पाळकसाहेबांना माझा जय येसू सांगा.